खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना म्हणजे खांद्याचा सांधा, त्याभोवतीचे स्नायू व कंडरा किंवा त्यालगतची हाडे यांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर बरे होण्याच्या काळात जाणवणारी वेदना होय. अस्थिशल्यचिकित्सेतील अधिक वेदनादायक मानल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियांची गणना होते. ही वेदना सामान्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते, रात्री वाढते आणि पुढील काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने ओसरते. शिवलेली कंडरा किंवा जोडलेले हाड भरून येण्याची क्रिया मात्र त्याहून संथ असते. त्यामुळे या काळात रुग्णाने दोन गोष्टी समजून घेणे आवश्यक ठरते. वेदना होत आहे म्हणजे प्रत्येक वेळी इजा होत आहे असे नाही. आणि वेदना थांबली म्हणजे खांदा बरा झाला असेही नाही. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात, जेथे बहुतेकांची उपजीविका हातांच्या मेहनतीवर चालते, तेथे यांतील दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

खांद्याची रचना

खांदा हा मानवी शरीरातील सर्वाधिक हालचाल करू शकणारा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा पाठीवरील त्रिकोणी हाडाच्या, म्हणजे अंसफलकाच्या, उथळ खोबणीत टेकलेला असतो. खोबणी उथळ असल्यामुळे हात सर्व दिशांना फिरू शकतो. परंतु त्याच कारणामुळे सांध्याचे स्थैर्य हाडांपेक्षा भोवतालच्या मऊ ऊतींवर अधिक अवलंबून राहते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला कंडरा म्हणतात. अंसफलकापासून निघणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन दंडाच्या हाडाच्या माथ्याभोवती एक वेष्टन तयार करतात. या वेष्टनास रोटेटर कफ असे म्हणतात. हात उचलणे, फिरवणे आणि उचललेला हात स्थिर ठेवणे ही कामे त्याच्या आधाराने होतात.

खांद्यावर सामान्यतः पुढील शस्त्रक्रिया केल्या जातात:

• फाटलेला रोटेटर कफ पुन्हा हाडाशी शिवणे
• वारंवार निखळणारा खांदा स्थिर करणे
• दंडाच्या हाडाचा वरचा भाग किंवा गळ्याजवळचे आडवे हाड मोडल्यास पट्टी व स्क्रूच्या साहाय्याने जोडणे
• आखडलेला खांदा मोकळा करणे
• झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवणे

यांपैकी अनेक शस्त्रक्रिया आता दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून केल्या जातात. त्वचेवरील जखम लहान असली तरी आतील काम तेवढेच मोठे असते. त्यामुळे ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे वेदना नाही’ हा समज बरोबर नाही.

इतिहास

खांद्याच्या दुखण्यावरील उपचारांची भारतीय परंपरा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे प्रकार सांगितले असून, निखळलेला खांदा काखेत मुसळाचा आधार देऊन बसवण्याची व नंतर तो स्वस्तिक बंधाने बांधून ठेवण्याची रीत दिली आहे. सांधा बसवल्यानंतर त्याला विश्रांती दिली पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

आधुनिक काळात अमेरिकेतील बॉस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी फाटलेल्या रोटेटर कफच्या दुरुस्तीविषयीचे आपले काम १९११ मध्ये प्रसिद्ध केले. खांद्यावरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. कमरेतून पुढे वाकून हात लंबकासारखा हलवण्याचा व्यायाम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडमधील ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये वारंवार निखळणाऱ्या खांद्यामागील मूळ इजेचे वर्णन केले. मानेच्या बाजूला औषध टोचून संपूर्ण खांदा बधिर करण्याची पद्धत ॲलन विनी यांनी १९७० मध्ये सुलभ करून मांडली. या पद्धतीमुळे शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तास बऱ्याच अंशी वेदनामुक्त होऊ शकले.

वेदनेकडे पाहण्याच्या दृष्टीतही या काळात बदल झाला. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ‘द्वारनियंत्रण सिद्धांत’ मांडला. शरीराच्या एखाद्या भागातून निघालेला वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. मज्जारज्जूत त्याला वाट देणारे किंवा अडवणारे जणू एक दार असते, असे या सिद्धांताचे सार आहे. स्पर्श, लक्ष, भीती, झोप आणि पूर्वानुभव यांमुळे हे दार कमीअधिक उघडते. पुढील संशोधनाने या सिद्धांताच्या तपशिलात सुधारणा केल्या. परंतु वेदना म्हणजे केवळ जखमेचे मोजमाप नव्हे, हा त्यातील गाभा टिकून राहिला.

वेदनेची कारणे

शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखण्यामागे एकाच वेळी अनेक कारणे असतात. कापलेल्या व शिवलेल्या ऊतींमधून रासायनिक द्रव्ये बाहेर पडतात. त्यांमुळे सूज येते आणि वेदनावाहक चेतातंतू अधिक संवेदनशील होतात. ही दाहाची क्रिया जखम भरून येण्याचाच एक भाग आहे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करताना सांध्यात द्रव सोडला जातो. त्यामुळे खांदा, मान व छातीचा वरचा भाग पहिल्या दिवशी फुगलेला दिसतो. साकळलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरल्यामुळे काही दिवसांनी दंडावर व कोपरापर्यंत निळसर-पिवळे डाग दिसतात. ते दिसण्यास भयावह असले तरी बहुधा निरुपद्रवी असतात.

याशिवाय, दुखऱ्या भागाच्या रक्षणासाठी भोवतालचे स्नायू आवळून राहतात. झोळीत हात अडकवून ठेवल्याने मानेवर व पाठीवर ताण येतो, आणि कोपर, मनगट व बोटे आखडतात. त्यामुळे अनेक रुग्णांना दुसऱ्या आठवड्यापासून खांद्यापेक्षा मान व कोपरच अधिक दुखू लागतात. झोळी योग्य उंचीवर बांधणे, आणि वैद्यांनी परवानगी दिल्यास दिवसातून अनेक वेळा मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरवणे व कोपर सरळ करणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

वेदनेचे वर्णन

वेदना बाहेरून दिसत नसल्यामुळे ती मोजण्यासाठी रुग्णाच्या सांगण्यावरच विसंबावे लागते. रुग्णालयांत शून्य ते दहा या अंकांत वेदना सांगण्यास सुचवले जाते. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतील सर्वांत तीव्र वेदना. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनावाचक शब्दांची वर्गवारी करून एक प्रश्नावली तयार केली. वेदना किती आहे याबरोबरच ती कोणत्या प्रकारची आहे हेही उपचारासाठी महत्त्वाचे असते, हा त्यामागील विचार होता.

मराठीत अशा शब्दांची समृद्धी आहे आणि तिचा वैद्याला प्रत्यक्ष उपयोग होतो. ‘ठणका’ किंवा ‘ठसठस’ हे शब्द सहसा सूज व दाह यांमुळे नाडीच्या ठोक्याबरोबर जाणवणाऱ्या वेदनेसाठी वापरले जातात. ‘ओढ’ किंवा ‘ताण’ ही आखडलेला भाग ताणला गेल्याची जाणीव असते आणि व्यायामाच्या वेळी ती अपेक्षितच असते. हालचालीच्या एका विशिष्ट टप्प्यावर क्षणभर ‘चमक’ निघते. ‘आग होणे’, ‘मुंग्या येणे’ व ‘बधिरपणा’ हे शब्द चेतातंतूंकडे निर्देश करतात. ‘सलणे’ हा शब्द खोल जागी सतत टोचत राहणाऱ्या दुखण्यासाठी येतो. ही वर्गवारी ढोबळ आहे. तिच्यावरून निदान करता येत नाही. तरीही ‘खूप दुखते’ एवढेच सांगण्याऐवजी ‘रात्री ठणकते, पण हात हलवताना केवळ ओढ बसते’ असे सांगणाऱ्या रुग्णाला अधिक नेमका सल्ला मिळू शकतो.

वेदनेचा कालक्रम

कालक्रम शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार व रुग्णाच्या वयानुसार बदलतो. रोटेटर कफच्या दुरुस्तीनंतरचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

पहिला दिवस: मानेजवळ दिलेल्या बधिरीकरणाचा परिणाम बहुधा अर्धा दिवस ते एक दिवस टिकतो. या काळात हात जड व परका वाटतो. त्या बाजूची पापणी किंचित उतरणे, आवाज घोगरा होणे किंवा श्वास थोडा अपुरा वाटणे हे परिणाम तात्पुरते असू शकतात. बधिरता उतरताच वेदना एकदम उसळते. त्यामुळे वेदना नाही म्हणून या काळातील गोळी टाळणे ही वारंवार घडणारी चूक आहे. गोळीचा परिणाम सुरू होण्यास वेळ लागतो. म्हणून पहिली मात्रा बधिरता उतरण्यापूर्वीच, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, घ्यावी लागते.

दुसरा ते चौथा दिवस: वेदना व सूज सर्वाधिक असतात. झोप तुटक लागते.

पहिला ते दुसरा आठवडा: विश्रांतीतील वेदना कमी होऊ लागते. टाके साधारणपणे दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात.

तिसरा ते सहावा आठवडा: हात झोळीतच असतो. दिवसा दुखणे बरेच कमी होते. रात्री व व्यायामानंतर ते जाणवते.

सातवा ते बारावा आठवडा: स्वतःच्या बळावर हात उचलण्यास हळूहळू सुरुवात होते. दीर्घकाळ न वापरलेले स्नायू थकतात आणि दुखणे काही दिवस पुन्हा वाढल्यासारखे वाटते.

तिसऱ्या महिन्यानंतर: स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम सुरू होतात. जड काम करण्याची परवानगी बहुधा चार ते सहा महिन्यांनंतर, काही वेळा त्याहूनही उशिरा मिळते.

हा उतार सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे गेल्यावर एक रात्र वाईट जाणे हे सामान्य आहे. म्हणून आजची तुलना कालशी न करता मागील आठवड्याशी करणे अधिक योग्य ठरते.

रात्रीची वेदना

खांद्याची वेदना रात्री वाढते हा जवळजवळ सार्वत्रिक अनुभव आहे. आडवे झाल्यावर दंडाचे हाड मागे सरकते व शिवलेल्या भागावर ताण येतो. तसेच दिवसभर इतरत्र गुंतलेले लक्ष रात्री वेदनेवर केंद्रित होते. अपुरी झोप पुन्हा वेदनेची संवेदनशीलता वाढवते. असे हे चक्र फिरत राहते.

पहिले काही आठवडे पाठीला आधार देऊन अर्धवट बसलेल्या स्थितीत झोपणे अनेकांना सुसह्य वाटते. त्यासाठी आरामखुर्ची आवश्यकच असते असे नाही. बाजेवर किंवा भिंतीशी तक्के व घडी घातलेल्या गोधड्या रचून उतार तयार करता येतो. कोपराखाली व दंडाच्या मागे लहान उशी किंवा घडी केलेली वाकळ ठेवावी, म्हणजे कोपर छातीच्या पातळीच्या मागे जात नाही. रात्रीही झोळी काढू नये. शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर झोपणे डॉक्टरांच्या परवानगीशिवाय टाळावे. रात्रीची मात्रा झोपण्याच्या साधारण अर्धा ते एक तास आधी घेता येईल असे वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घेणे उपयुक्त ठरते.

औषधे

सध्याच्या पद्धतीत एकाच प्रभावी औषधाची मात्रा वाढवत नेण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र वापरली जातात. त्यामुळे प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते.

पॅरासिटॅमॉल हा या उपचाराचा पाया असतो. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभरातील कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. कमी वजन, यकृताचा विकार किंवा मद्यपान असल्यास ती आणखी कमी असते. भारतात मिळणाऱ्या अनेक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटॅमॉल असतेच. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणारा रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेण्याची शक्यता असते. वेष्टनावरील घटकांची नावे वाचणे, किंवा घरातील वाचता येणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घेणे, हा त्यावरील उपाय होय.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी दाहशामक औषधे वेदना व सूज दोन्ही कमी करतात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकतात. रिकाम्या पोटी व शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्यांचा धोका वाढतो; म्हणून उपवासाच्या दिवशी आणि कडक उन्हाळ्यात विशेष काळजी घ्यावी लागते. उपवास असल्यास तो डॉक्टरांना सांगून औषधाची वेळ बदलून घ्यावी. शिवलेल्या कंडरेच्या भरून येण्यावर या औषधांचा काय परिणाम होतो याविषयी मतभेद आहेत. त्यामुळे काही शल्यचिकित्सक ती अल्पकाळच देतात.

ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय परिणाम करणारी औषधे तीव्र वेदनेच्या पहिल्या काही दिवसांपुरती दिली जातात. मळमळ, चक्कर, गुंगी व बद्धकोष्ठ हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. भारतात एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले असून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. व्यसनाच्या भीतीने पहिल्या दिवसांतील आवश्यक मात्राही नाकारणे आणि वेदना ओसरल्यावरही औषध चालू ठेवणे, ही दोन्ही टोके टाळावी लागतात.

औषधाचे उद्दिष्ट वेदना पूर्ण शून्यावर आणणे हे नसते. रुग्णाला झोप लागावी, खोल श्वास घेता यावा आणि सांगितलेला व्यायाम करता यावा, इतपत वेदना खाली आणणे हे ते उद्दिष्ट होय.

बर्फ, शेक आणि घरगुती उपाय

पहिल्या काही दिवसांत कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा ते वीस मिनिटे शेकल्यास ठणका कमी होतो. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. खांदा बधिर असताना बर्फ वापरल्यास त्वचेला इजा होऊनही ती कळत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. पट्टी ओली होणार नाही याचीही काळजी घ्यावी. गरम शेक सुरुवातीच्या काळात सूज वाढवू शकतो. पुढे व्यायामापूर्वी आखडलेले स्नायू सैल करण्यासाठी तो सुचवला जातो.

हळदीचा किंवा आंबेहळदीचा लेप हा मराठी घरांतील मुका मार व सूज यांवरील जुना उपाय आहे. आहारातील हळद किंवा हळदीचे दूध सहसा अपायकारक नसते. परंतु ते वेदनाशामक औषधाची जागा घेऊ शकत नाही. शस्त्रक्रियेच्या ताज्या जखमेवर मात्र हळद, तेल, चुना किंवा अन्य कोणताही लेप लावू नये, कारण त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका निर्माण होतो. शिवलेल्या खांद्याला जोरकस मालीश करणे किंवा कोणाकडून तो ‘ओढून मोकळा’ करून घेणे यांमुळे टाके निसटू शकतात. विडी, सिगारेट व तंबाखूतील निकोटिन रक्तपुरवठा कमी करत असल्यामुळे कंडरा भरून येण्यास विलंब होतो. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हाही वेदना व आखडलेपणा कमी करण्याचाच एक भाग आहे.

व्यायाम आणि वेदना

भौतिकोपचाराचे पहिले तत्त्व असे की, शिवलेला भाग स्वतःच्या बळावर न हलवता सांधा मात्र हलता ठेवावा. यासाठी सुरुवातीस दुसऱ्या हाताच्या साहाय्याने किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाकडून हात हलवला जातो. लंबकाचा व्यायामही याच टप्प्यात येतो. त्यात दंडाचे स्नायू सैल सोडून कमरेच्या हालचालीने हात झुलू द्यायचा असतो; हात जोराने फिरवायचा नसतो. व्यायाम केव्हा सुरू करावा हे फाट किती मोठी होती व शिवण किती मजबूत आहे यावर ठरते. त्यामुळे एका रुग्णाचा व्यायाम पाहून दुसऱ्याने तो करणे योग्य नाही.

व्यायामाच्या वेळी ओढ बसणे आणि नंतर काही काळ दुखणे अपेक्षित असते. हे दुखणे तासा-दोन तासांत पूर्वपदावर आले, तर व्यायामाची मात्रा योग्य आहे असे ढोबळमानाने समजतात. रात्रभर ठणका राहिला किंवा दुसऱ्या दिवशीही वेदना वाढलेली असली, तर मात्रा कमी करून तज्ज्ञांना विचारावे. वेदनेच्या भीतीने मुळीच हालचाल न करणाऱ्या रुग्णाचा सांधा आखडतो आणि पुढे अधिक दुखतो. व्यायामापूर्वी त्याचा हेतू व अपेक्षित वेदना समजावून सांगितल्यास ही भीती कमी होते.

वेदना ओसरल्यानंतरचा धोका

कंडरा हाडाला पुन्हा चिकटण्याची क्रिया संथ असते. पहिले सहा आठवडे ती प्रामुख्याने टाक्यांच्या आधारावरच टिकून असते. बारा आठवड्यांनंतरही नव्या ऊतींची बळकटी वाढतच असते. वेदना मात्र बऱ्याच रुग्णांत चार ते सहा आठवड्यांतच लक्षणीय प्रमाणात ओसरते. वेदना ओसरल्यापासून कंडरा पुरेशी बळकट होईपर्यंतचा काळ सर्वांत फसवा असतो. हात दुखत नाही, म्हणून रुग्ण बादली उचलतो, झोळी सोडतो किंवा कामाला लागतो. आणि शिवण उसवते. अशी फाट काही वेळा फारशी वेदना न होताच होते व हाताची ताकद परत येत नाही तेव्हाच लक्षात येते.

उत्तम वैद्यकीय सुविधा उपलब्ध असलेल्या खेळाडूंनाही हा काळ टाळता येत नाही. मुंबईचे क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. ते सप्टेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांत परतले व क्वालालंपूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद १४१ धावा केल्या. मुंबईचेच श्रेयस अय्यर यांच्या डाव्या खांद्याला २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाल्यानंतर ते सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा मैदानावर उतरले. दोन्ही उदाहरणांत शस्त्रक्रियेपासून पुनरागमनापर्यंत पाच महिने किंवा त्याहून अधिक काळ गेला.

हिंगोली जिल्ह्यातील संदर्भ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके आहेत. हळद, सोयाबीन, कापूस व तूर ही येथील महत्त्वाची पिके असून वसमतची हळद विशेष प्रसिद्ध आहे. या पिकांच्या कामांत खांद्यावर येणारा भार मोठा असतो. हळदीची खणणी, पोती उचलून वाहनात भरणे, पाठीवरील पंपाने फवारणी करताना दांडा सतत वरखाली करणे आणि डोक्यावरून चाऱ्याचे भारे वाहणे ही त्याची उदाहरणे होत. ज्या हालचाली शस्त्रक्रियेनंतर सर्वांत शेवटी करावयाच्या असतात, त्याच हालचालींवर येथील रोजगार अवलंबून असतो.

त्यामुळे तातडीची नसलेली शस्त्रक्रिया ठरवताना शेतीचे वेळापत्रक विचारात घेणे हिताचे ठरते. उदाहरणार्थ, पेरणीच्या तोंडावर शस्त्रक्रिया झाल्यास खुरपणी व फवारणीचा हंगाम नेमका वेदना ओसरलेल्या, परंतु कंडरा कच्ची असलेल्या काळात येतो. हंगामातील कामांसाठी आधीच पर्यायी व्यवस्था केल्यास हा मोह टळतो. शस्त्रक्रिया किती लांबवता येईल हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे लागते. काही इजांमध्ये विलंब अपायकारक असतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न घरातच उभा राहतो. भाकरी थापणे, कणीक मळणे, धुणे पिळणे, पाण्याची कळशी किंवा हंडा उचलणे आणि झाडलोट ही कामे ‘हलकी’ समजली जातात. परंतु खांद्याच्या दृष्टीने ती हलकी नाहीत. वेणी घालणे व पाठीमागे हात नेऊन कपडे घालणे या हालचालींना दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते. पुढून उघडणारे सैल कपडे वापरणे आणि कपडे घालताना शस्त्रक्रियेचा हात प्रथम व काढताना शेवटी बाहीतून नेणे, यामुळे वेदना कमी होते. घरातील इतरांनी कोणती कामे किती महिने करावयाची हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवणे, हा वेदनाव्यवस्थापनाचाच भाग समजला पाहिजे.

हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर झाले. जिल्ह्याजवळ नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट शस्त्रक्रियांचा रुग्णालयातील खर्च शासनाकडून दिला जातो. त्यानंतर अनेक महिने चालणारा भौतिकोपचार मात्र बहुतांशी घरीच करावा लागतो. दर आठवड्याला प्रवास शक्य नसल्यास पुढील टप्प्याचे व्यायाम एकाच भेटीत शिकून घेणे, ते नातेवाइकांनाही दाखवण्यास सांगणे आणि प्रत्येक व्यायाम कोणत्या तारखेपासून सुरू करावयाचा हे कागदावर लिहून घेणे उपयुक्त ठरते. एस.टी.ने प्रवास करताना शस्त्रक्रियेची बाजू गर्दीच्या वाटेकडे येणार नाही अशा आसनावर बसावे व हाताखाली उशी घ्यावी. झोळी असेपर्यंत दुचाकी चालवू नये. मागे बसून प्रवास करणेही धोक्याचे असते.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा:

• कमी होत आलेली वेदना पुन्हा सतत वाढणे, सोबत ताप, जखमेभोवती लाली किंवा पू
• बधिरीकरणाचा काळ संपूनही हात बधिर राहणे किंवा बोटे हलवता न येणे
• बोटे थंड, पांढरी किंवा निळी पडणे
• पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर ‘कट्’ असा आवाज होऊन हाताची ताकद जाणे
• हात किंवा पोटरी अचानक सुजणे
• औषधे चालू असताना काळी शौच किंवा रक्ताची उलटी होणे

छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे ही तातडीची लक्षणे असून महाराष्ट्रात अशा वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

दीर्घकाळ टिकणारी वेदना

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी आणि अन्य कारणाने स्पष्ट न होणारी वेदना दीर्घकालीन समजली जाते. सांधा आखडणे, शिवण उसवणे, जंतुसंसर्ग, मानेतील मणक्यांचा विकार किंवा चेतासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता ही तपासून पाहावयाची प्रमुख कारणे आहेत. हात सतत सुजणे, त्वचेचा रंग व तापमान बदलणे आणि साध्या स्पर्शानेही आग होणे अशी लक्षणे एकत्र आढळल्यास लवकर उपचार आवश्यक असतात.

शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घकाळ वेदना असणे, चिंता, नैराश्य आणि सततची अपुरी झोप यांमुळे ही शक्यता वाढते. अशी वेदना काल्पनिक नसते व ती सोसणे हा सहनशीलतेचा निकषही नव्हे. तिच्यावर औषधे, भौतिकोपचार व मानसोपचार यांच्या एकत्रित साहाय्याने उपचार केले जातात. मोठ्या रुग्णालयांतील वेदनाचिकित्सा विभागांत बहुधा बधिरीकरणतज्ज्ञ हे उपचार करतात.